पंधरा नंबरचा ‘अन्य’

चेंडू थेट आपल्याच अंगावर येतोय हे डेलिया टॅल्टीला कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वही, दातांत पेन्सिल... पळणार तरी कशी? चेंडू छत्रीवर आपटला आणि पाठोपाठ त्याच्यामागे धावणारा एक सहाफुटी माणूस चिखलावरून घसरत आला आणि तिच्या बुटांपाशी येऊन थांबला.

“अगं बाई!” पेन्सिल दातांतून पडली. “लागलं का तुम्हाला?”

त्याने मान हलवली. नाही.

“माझी छत्री मोडली.”

त्याने पुन्हा मान हलवली. हो. मग छातीवर हात ठेवून इतका केविलवाणा चेहरा केला, की तिला रागावता रागावता हसू फुटलं. डोळे निळे होते, बाकी सगळा चिखल. मोडकी छत्री त्याने अदबीने तिच्या हातात दिली आणि तो मैदानात परत पळाला. तोंडातून एक शब्द नाही. बिचारा मुका आहे की काय, असं डेलियाला वाटलं.

तो एकोणीसशे सत्तावन्न सालचा मार्च होता, आयर्लंडच्या लिमरिक शहरातला शनिवार होता, आणि डेलिया तिथे रग्बी बघायला आलेली नव्हती. ती आली होती हेरगिरी करायला.

झालं होतं असं. गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ; तो खेळणाऱ्याने परके खेळ खेळायचे नाहीत, बघायचेसुद्धा नाहीत, असा गेलिक खेळांच्या संघटनेचा कडक नियम. परके म्हणजे रग्बी, सॉकर, हॉकी, क्रिकेट. रग्बीच्या मैदानावर कोणी सभासद दिसला, की त्याच्यावर बंदी. आणि असे चोर पकडायला दक्षता समिती. नियम मोडायची परवानगी असलेली आख्ख्या शहरातली हीच काय ती माणसं! डेलियाचे बाबा, मथायस टॅल्टी, आठ वर्षं या समितीवर होते. पाऊस असो, गारा असोत, शनिवारी दुपारी दुकान बंद करून शिंपीबुवा पहाऱ्यावर हजर. पण मागच्याच आठवड्यात वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना ते स्टुलावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि पहारा मुलीच्या गळ्यात आला.

डेलियाने मैदानाकडे पाहिलं. समोरच्या संघाने चेंडू आकाशात उंच मारला होता. रग्बीतले लोक असा चेंडू बाळ घ्यावं तसा छातीशी घेतात. पण हा चिखलाचा माणूस धावत आला, एक गुडघा वर, दोन्ही हात डोक्याच्याही वर, आणि तिथेच, हवेत, सगळ्यांच्या माथ्यावर त्याने चेंडू धरला. धरताना ओरडलाही.

“ल्युमसा!”

“काय म्हणाला हो हा?” डेलियाच्या मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला.

“लॅटिन असावं,” दुसरा म्हणाला. “आधी पाद्रीबिद्री होता की काय!”

लॅटिन कसलं! आयरिश होतं ते. ल्युमसा. माझा. आणि मुका तर मुळीच नव्हता. तो झेल कुठे शिकतात तेही डेलियाला ठाऊक होतं; केरी परगण्यातल्या गेलिक मैदानांवर असे झेल तिने बाबांच्या खांद्यावर बसून पाहिले होते. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक, पण पठ्ठ्याने पळता पळता चेंडू मुठीने ठोसा मारून पुढच्या गड्याकडे दिला. गेलिक फुटबॉलमध्ये तो उत्तम पास. रग्बीत शुद्ध गुन्हा. पंचांची शिट्टी वाजली, प्रेक्षक खो खो हसले, आणि तो स्वतःच्या मुठीकडे असा बघत राहिला, जणू ती शेजाऱ्याची होती.

डेलियाने वही उघडली. सामन्याच्या पत्रकात त्याच्या पाठीवरच्या पंधरा नंबरसमोर नाव शोधलं. तिथे नाव नव्हतंच. नाव लपवायचं असलं की छापतात तसं, छापलं होतं फक्त ‘अन्य’.

सामना संपला तेव्हा ती फाटकापाशी मुद्दाम रेंगाळली. खोटं कशाला बोला!

“छत्री द्या,” मागून आवाज आला.

तोंड धुतलेलं, केस ओले, हातात तारेचा तुकडा. त्याने छत्री घेतली, मोडलेली काडी तारेने बांधली, दोनदा उघडझाप करून बघितली.

“म्हणजे बोलता येतं तुम्हाला,” डेलिया म्हणाली.

“थोडं थोडं.”

“नाव काय आपलं?”

“जॉन.” बोलणं कसलं, गाणंच ते. प्रत्येक वाक्य शेवटी वर चढायचं. “जॉन... स्मिथ. इथलाच. लिमरिकचा.”

“अस्सं? लिमरिकमध्ये कुठे?”

“ते... नदीपाशी.”

“आख्खं लिमरिक नदीपाशीच आहे हो, अन्यसाहेब.”

तो लाजला. कानांच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल. “एवढं कळतं का माझ्या बोलण्यावरून?”

“पुन्हा एकदा ‘लिमरिक’ म्हणून बघा. गाईलासुद्धा कळेल तुम्ही केरीचे ते.”

“मग तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?” त्याने अगदी हळू विचारलं. “एक कप चहा पाजतो. दोन पाजतो.”

“दोन,” डेलिया म्हणाली आणि वही तिने कोटाच्या आतल्या खिशात खोल सारली.

घरी बाबा पाय उंच करून, डोळे लावून बसले होते. “कोणी सापडलं?”

“नाही बाबा. कोणीच नाही.”

“बरं, बरं. आणि... गुण किती झाले?”

“नऊ-सहा.”

“कोण जिंकलं? उंच चेंडू कोण घेत होतं? तो नवा पंधरा नंबर कसाय? सगळं सांग, अगदी पहिल्यापासून. समितीच्या कामासाठी विचारतोय हो मी.”

डेलियाने सांगितलं. झेलाचं जरा जास्तच सांगितलं.

शनिवारांमागून शनिवार गेले. चहाचे दोन कप झाले, मग चार झाले, तव्यावरच्या गरम ब्रेडबरोबर मुरंबा आला आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्याचं खरं नाव फिनान लिंच. केरीतल्या डंक्वीन गावचा, पार समुद्राच्या कडेचा, जिथे घरात, शेतात आणि कुत्र्याशीसुद्धा लोक आयरिशच बोलतात. लिमरिकच्या बेकनच्या कारखान्यात तो डुकराच्या मांसाच्या पेट्या उचलायचा. तिथल्या मुकादमाच्या रग्बी संघातला फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे राहून उंच चेंडू झेलणारा, जायबंदी झाला, आणि मुकादमाने याची उंची बघून याला उभं केलं.

“पण तू हो का म्हणालास, वेड्या?” डेलियाने एकदा विचारलं.

“एकदाच म्हणून गेलो होतो. पण तो चेंडू हातात घेऊन सुसाट पळता येतं गं! आमच्यात चार पावलं झाली की आपटा नाहीतर पायावर घ्या. आणि तो लांबोळका चेंडू हवेत असा लबाडासारखा वळतो... त्याला धरलं की लबाडाला पकडल्याचा आनंद होतो.”

“आणि ते ल्युमसा?”

“चेंडू वर गेला की मला इंग्रजी आठवतच नाही. मुकादम म्हणतो, माझा म्हणून ओरडायलाच हवं, नाहीतर आपलाच बाजूचा गडी येऊन आपटतो. मग जे तोंडात येतं ते ओरडतो.” त्याने ब्रेडचा तुकडा उगाच फिरवला. “डेलिया, एक सांगू? केरीच्या संघात निवड झालीय माझी. मे महिन्यात पहिला सामना. ती हिरवी-सोनेरी जर्सी... आईने गावातल्या गाढवांनासुद्धा सांगून झालंय. त्याआधी दक्षता समितीतल्या एखाद्याने मला इथे पाहिलं तर सगळं संपलं. वर्षभराची बंदी. मग पुन्हा कोण बोलावतंय!”

डेलियाने हातातला कप खाली ठेवला. आत्ता सांगावं, असं तिला फार वाटलं. पण तो तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता, की... पुढच्या शनिवारी सांगू, तिने ठरवलं. तो शनिवार आला आणि गेला. मग त्याच्या पुढचाही.

आणि मग एका बुधवारी सकाळी दुकानाची घंटा वाजली आणि आत आला फिनान लिंच.

“एक कोट शिवायचाय,” तो दारातूनच म्हणाला. “केरीच्या संघाबरोबर जायला...” आणि टेप गळ्यात घालून उभ्या असलेल्या डेलियाला बघून त्याचा चेहरा उजळला. “अरे! तू इथे काम करतेस होय!”

“ओळखता का एकमेकांना?” बाबा प्लास्टरच्या पायामागून म्हणाले.

“बस... बसस्टॉपवर,” डेलिया म्हणाली.

“केरीचा संघ म्हणालात? थांबा, थांबा. लिंच ना? पेपरात वाचलं मी! या, या. डेलिया, मापं घे. वहीत मागच्या पानावर लिही हं, पुढची पानं समितीची आहेत.”

डेलियाने वही उलटी करून मागचं पान काढलं. तिने टेप त्याच्या खांद्यावर लावला.

“समितीची म्हणजे?” फिनानने विचारलं.

“दक्षता समिती!” बाबा अभिमानाने म्हणाले. “तुमच्यासारख्या पक्क्या गेलिक माणसाला सांगायला काय हरकत? पाय मोडल्यापासून माझी ही मुलगी दर शनिवारी रग्बीच्या मैदानावर पहारा देते. नजर घारीची आहे तिची. खांदा किती गं?”

“एकोणीस,” डेलिया कशीबशी म्हणाली. “उजवा... उजवा अर्धा इंच खाली.”

“ओझी उचलून होतं तसं. छाती?”

छातीभोवती टेप घेताना तिचे दोन्ही हात त्याच्या पाठीमागे भेटले. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. त्याचं काळीज धाडधाड उडत होतं आणि तो तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिच्याकडे नाही.

“श्वास सोड,” ती पुटपुटली.

त्याने सोडला नाही. “बेचाळीस लिहा,” तो बाबांना म्हणाला आणि टोपी उचलून बाहेर पडला.

डेलिया टेप गळ्यात तसाच ठेवून धावली. पुलावर तिने त्याला गाठलं. खाली शॅनन नदी दुथडी भरून चालली होती.

“फिनान! थांब ना!”

“काय काय लिहिलंस वहीत?”

“काही नाही! एक अक्षर नाही!”

“चहा कितीदा प्यायलो तेही नाही?”

“असं बोलू नकोस रे...”

“सहा शनिवार, डेलिया. मी तुला आईची पत्रं वाचून दाखवली. आणि तुझ्या खिशात ती वही होती.”

“सांगितलं असतं तर तू पुन्हा आला असतास?”

वारा तिच्या टेपचं टोक उडवत होता. त्याचा हात ते टोक धरायला उठला आणि अर्ध्यातून मागे गेला.

“शनिवारी अंतिम सामना आहे,” तो शेवटी म्हणाला. “मुकादमाला शब्द दिलाय, खेळावं तर लागेल. तुझे बाबा येणार?”

“प्लास्टर शुक्रवारी निघतंय. काठी घेऊन येणारच म्हणतात. आणि आता ते तुला ओळखतात... नको ना खेळूस!”

“शब्द दिलाय म्हटलं ना. तोंड बंद ठेवीन म्हणजे झालं.” तो चालू लागला. मग थांबला, पण वळला नाही. “तूही ठेव. जमत असेल तर.”

शनिवार उजाडला तो पावसातच. आख्खं शहर मैदानाभोवती लोटलं होतं. बाबा काठी टेकत पार चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले. डेलियाने आपल्या तारेच्या छत्रीने त्यांच्या डोळ्यांवर आडोसा करायचा प्रयत्न केला.

“छत्री बाजूला कर गं! दिसत नाही मला.”

“भिजाल बाबा.”

“भिजू दे!”

पंधरा नंबरने डोक्यावर कातडी टोपी ओढून घेतली होती, कान झाकलेले, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच तोंडाला मूठभर चिखल. पत्रकात पुन्हा तेच, ‘अन्य’. बाबांनी ते वाचलं, मैदानाकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

पहिला उंच चेंडू आला आणि व्हायचं तेच झालं. फिनान धावला, बाजूचा गडीही धावला. कोणीच ओरडलं नाही. दोघं एकमेकांवर धाडकन आपटले, चेंडू निसटला आणि समोरच्यांनी तो उचलून रेषेपलीकडे टेकवलासुद्धा.

“अरे, ओरड की!” बाबा काठी आपटत म्हणाले. “मुका आहे का हा?”

दुसऱ्यांदाही तेच. मुकादम सीमेवर केस उपटत होता. फिनान उठला, हात कमरेवर ठेवून उभा राहिला आणि त्याची नजर रेघेवरच्या शिंपीबुवांवर आली, मग तिच्यावर. ओठ घट्ट मिटलेले. डेलियाला रडूच आलं. ज्या गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त आनंद, तीच तो आज तिच्यामुळे चोरासारखी करत होता.

तरी त्याच्या संघाने झुंजत झुंजत आठ-सहा अशी आघाडी घेतली. आता अर्धंच मिनिट उरलं होतं. एवढ्यात समोरच्यांनी शेवटचा चेंडू मारला. केवढा उंच! पावसात दिसेनासा झाला, मग वळत वळत खाली येऊ लागला. खाली फिनान. उजवीकडून तोच बाजूचा गडी, मान वर करून, धावत. डावीकडून समोरचे तिघे. सहा आठवड्यांत त्या गड्याला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती, तो एक शब्द ऐकला की बाजूला व्हायचं. पण शब्दच येत नव्हता. आता आपटणार. आता सगळं जाणार.

आपण काय करतोय याचा डेलियाने विचार केलाच नाही. छत्री फेकली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि फुप्फुसं फाटतील एवढ्या जोरात ती ओरडली.

“ल्युमसाऽऽ!”

गडी जागच्या जागी थबकला. फिनान वर गेला, गुडघा वर, हात त्याच्याही वर, आणि भर पावसात, तिघांच्या डोक्यांवर, चेंडू त्याच्या तळव्यांत बसला. त्याने तो लाथेने थेट मैदानाबाहेर भिरकावला. शिट्टी वाजली. संपलं! लोक टोप्या उडवायला लागले.

डेलियाच्या आजूबाजूचे लोक मात्र तिच्याकडे बघत होते. सगळ्यात जास्त बाबा. क्लेअर परगण्यातल्या आयरिश बोलणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या त्या माणसाला आयरिश चांगलं कळत होतं.

“काय ओरडलीस तू?”

“मी... म्हणजे... चेंडूला...”

“चेंडू तुझा?”

“नाही बाबा,” डेलिया म्हणाली. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं! “चेंडूबद्दल नव्हतं ते.”

बाबांनी मैदानाकडे पाहिलं. पंधरा नंबर पाठमोरा चालला होता, साथीदारांच्या थापा खात.

“उजवा खांदा अर्धा इंच खाली,” ते सावकाश म्हणाले. “वही दे.”

“बाबा, नको ना. त्याची जर्सी जाईल. हवं तर मला शिक्षा करा, मीच सहा आठवडे खोटं बोलले तुमच्याशी...”

“वही, डेलिया.”

तिने दिली. बाबांनी पेन्सिल जिभेला लावली आणि तिला दिसेल असं लिहिलं. ‘अंतिम सामना. पाऊस फार. कोणीही आढळले नाही.’

“बाबा!”

“बघतेस काय? आठ वर्षांच्या आठ वह्या आहेत घरी. एकीत तरी नाव सापडलं तर सांग. समितीला वाटतं टॅल्टीला कमी दिसतं.”

“मग मला का पाठवलंत भिजायला?”

“वा गं वा! गुण किती झाले ते मला कोण सांगणार?” बाबांचे कान थेट फिनानसारखे लाल झाले. “इतका सुंदर खेळ, आणि बघायचा तर पहारेकरी व्हावं लागतं. काय करणार माणूस! पण तो झेल... डेलिया, तो झेल आपला होता हं. रग्बीवाल्यांना जन्मात जमायचा नाही.”

तेवढ्यात फिनान समोर आला. टोपी काढलेली, कपाळावरून पाणी आणि चिखल एकत्र ओघळत होतं. तो आधी बाबांपुढे उभा राहिला.

“टॅल्टीसाहेब, मी कोण ते तुम्हाला माहीत आहे. लिहायचं ते लिहा. हिचा काही दोष नाही.”

“मला काय माहीत आहे?” बाबा म्हणाले. “पत्रकात तर ‘अन्य’ लिहिलंय. पण तुम्हाला तो लिंच भेटला, तर सांगा त्याला. रग्बीचा हंगाम आज संपला. कोट मंगळवारी तयार होईल. आणि नियम खेळाडूंबद्दल आहे, माझ्या मुलीने कोणाच्या नावाने बोंब मारावी याबद्दल त्यात अक्षर नाही.” आणि काठी टेकत ते मुद्दाम, फारच सावकाश, मुकादमाचं अभिनंदन करायला निघून गेले.

दोघंच उरले. म्हणजे आख्खं लिमरिक होतं भोवती, पण दोघंच.

“वहीत...?” फिनानने विचारलं.

“काही नाही. कधीच काही नव्हतं. मी आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

“माझंही. पुलावर तसं बोलायला नको होतं.” त्याने खाली पडलेली छत्री उचलली. दुसरी काडी मोडली होती. तो ती उघडझाप करत राहिला, उगाचच. “तू ओरडलीस ते... गडी बाजूला व्हावा म्हणून ना?”

“हो.”

“तेवढ्यासाठीच?”

“हो म्हटलं ना.”

“मग ‘चेंडूबद्दल नव्हतं’ असं तू बाबांना सांगितलंस ते काय? तुझ्या मागे उभा होता तो म्हातारा सगळ्यांना सांगत सुटलाय. म्हणतो, लॅटिन नव्हतंच ते.”

डेलियाने वर पाहिलं. डोळे निळे होते, बाकी सगळा चिखल. पहिल्या दिवसासारखाच.

“गेल्या बुधवारी तुझी छाती मोजताना तू श्वास सोडला नाहीस,” ती म्हणाली. “माप चुकलं. कोट घट्ट होणार. पुन्हा घ्यावं लागेल.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“टेप नाहीये माझ्याकडे... पण चालेल.”

आणि तिने दोन्ही हात त्याच्याभोवती टाकले, चिखलासकट, कोटाची पर्वा न करता. त्याने या वेळी श्वास सोडला, अगदी पूर्ण. मग मान वाकवून तिच्या कानाशी, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तो आपल्या गावच्या भाषेत म्हणाला, “ल्युमसा?”

“माझा,” डेलिया म्हणाली. “आता बाजूला हो बघू, बाबा बघतायत.”

पण ती स्वतः मात्र हलली नाही.